नानांचं मशीन नव्यासारखं झालं

३ जानेवारी

दादा,

नमस्कार, वहिनींनाही सांग.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला भांडण होतं आणि चौथ्याला तुला दुसरा फोन येतो. शिवाय नानांचा नियम तुला माहीत आहेच. सगळा जन्म दस्त नोंदवायच्या कचेरीत टंकलेखक म्हणून काढलेला माणूस. तोंडी बोलण्यावर त्यांचा कधी विश्वास नव्हता. ‘लिहून दे’ हे त्यांचं घरातलं सगळ्यात लाडकं वाक्य. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची जीभ गेली तेव्हा मला वाटलं, नियतीलासुद्धा हे असंच काहीतरी म्हणाले असणार.

तर १ फेब्रुवारीपासून नानांची तुझ्याकडची सहामाही. सहा महिने मी, सहा महिने तू, असं आपलं ठरलं होतं. मागच्या खेपेला तू घराला रंग काढलास, म्हणून तुझी सहामाहीही माझ्याकडेच झाली. एव्हाना रंग वाळला असेल असं धरून चालते.

नाना नीट पोचतील, त्यांची मला काळजी नाही. काळजी आहे ती त्यांच्या लॅपटॉपची. उजवा हात गेला, जीभ गेली, पण डावा हात शाबूत आहे आणि डोकं तर आपल्या दोघांची मिळून चालणार नाहीत इतकं चालतंय. डाव्या हाताने ते दोन्ही हातांचं काम करतात. बटणांवरची अक्षरं केव्हाच पुसली गेली आहेत, पण ते बटणांकडे बघतात कुठे? एका बटणावर मी मेणाचा बारीकसा ठिपका ठेवलाय, तो बोटाला लागला की बाकी सगळी बटणं त्यांना आपोआप सापडतात. सकाळपासून त्यांची शेरेबाजी चालू असते. चहा पाणचट. शेजारीण जाड झाली. चिमे, तुझ्या वर्तमानपत्रात आज पहिल्याच पानावर चूक, तू काय झोपून मुद्रितं तपासतेस का?

मात्र ते मशीन (ते त्याला मशीनच म्हणतात) आता थकलंय. बिजागरी तुटलीय, त्यामुळे पडद्याला मागून डब्याचा टेकू द्यावा लागतो. बॅटरी फुगलीय. पंखा असा घरघरतो की खालच्या मजल्यावरचे विचारतात, गिरणी टाकली का.

तू यातला जाणकार आहेस. म्हणून विनंती अशी : बिजागरी, बॅटरी आणि पंखा, एवढंच बघ. आतलं काही बदलू नकोस. त्यात नानांचा जुना मराठी फॉन्ट आहे आणि त्यांची बोटं त्या फॉन्टची आहेत. टाइपरायटरवर जिथे जे अक्षर होतं तिथेच ते त्यात आहे. तो गेला तर नाना दुसऱ्यांदा मुके होतील.

तुझी पत्रं मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवते. तिकडे गेल्यावर माझी तू दाखवायचीस.

चिमी


१२ जानेवारी

प्रिय चिमे,

पत्र मिळालं. सुरुवातीचे टोमणे वगळून वाचलं, तरीही बरंच उरलं.

लॅपटॉपची काळजी सोड. मी जिथे काम करतो तिथे एवढ्याशा दुरुस्तीला कुणी दुरुस्तीही म्हणत नाही. तू वर्णन केलंयस त्यावरून ते यंत्र संग्रहालयात हवं. अशी मशीनं लोक जपत बसतात आणि मग कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून रडतात. फॉन्टचं म्हणशील तर आता मराठी सगळीकडे आपोआप येते. तुमच्या छापखान्यात अजून माहीत नसेल.

नानांना सांग, मुलगा काय करतो हे त्यांना या निमित्ताने एकदा बघायला मिळेल. टायपिंग शिकायला नकार दिला म्हणून माझ्याशी महिनाभर बोलले नव्हते, आठवतंय ना? ‘मी कारकून होणार नाही’ म्हणालो होतो. झालो नाही.

तुझा,
दादा

ता. क. वहिनी विचारते, नानांना पथ्य काय?


९ फेब्रुवारी

प्रिय चिमे,

नाना सुखरूप. पाठीमागची खोली दिलीय. तिथे इस्त्रीचं टेबल आणि व्यायामाची सायकल आहे, पण त्यांना त्याची अडचण नाही.

आता बातमी. काल अख्खा रविवार मी त्या लॅपटॉपला दिला. जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून तो पूर्ण उघडला. आतून इतकी धूळ निघाली की वहिनी म्हणाली, तुमच्या बहिणीच्या घरी केर काढतात की नाही. (हे आपलं गमतीने.) बिजागरी बदलली, बॅटरी बदलली, पंखा साफ करून नवं वंगण लावलं. पण तिथेच थांबलो असतो तर मी कसला जाणकार? जुनी रडकी हार्ड डिस्क काढून टाकली आणि नवी वेगवान डिस्क घातली. रॅम दुप्पट केली. कीबोर्डवर एकही अक्षर दिसत नव्हतं, वर मेणाचा चिकट डाग पडला होता, तोही अख्खा बदलला. नवी सिस्टिम टाकली. पूर्वी सुरू व्हायला चहा होईपर्यंत वेळ लागायचा. आता झाकण उघडलं की हजर.

आणि सगळ्यात भारी गोष्ट : यात आता मराठी बोललं की मराठी उमटतं! टाइप करायची गरजच नाही. मी नानांसमोर बसून म्हटलं, ‘आज हवा छान आहे,’ आणि ते तस्संच पडद्यावर आलं. नाना बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. त्यांना इतकं थक्क झालेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी स्वतः थोडं टाइप केलं. सगळं इंग्रजीत आणि निरर्थक, पण नवा कीबोर्ड आहे, होईल सवय. खांद्यावर थोपटलं मला. जन्मात पहिल्यांदा.

तुझा,
दादा


१६ फेब्रुवारी

दादा,

पत्र कचेरीत बसून वाचलं. ‘बोललं की उमटतं’ इथवर आले आणि इतक्या मोठ्याने हसले की संपादक बाहेर आले. त्यांना काय सांगू? ज्या माणसाची जीभ गेली त्याला माझ्या भावाने बोलून चालवायचं यंत्र दिलंय? उद्या त्यांना धावायचे बूटही आण. सायकल तुझ्याकडे आहेच.

तुला तीन गोष्टी सांगितल्या होत्या, त्या तिन्ही केल्यास. त्यावर न सांगितलेल्या डझनभर केल्यास. इथवर समजू शकते, तुला जेवायला वाढायला सांगितलं तरी तू भांडी बदलशील. पण मला सांग, तो फॉन्ट परत घातलास का? ‘इंग्रजीत आणि निरर्थक’ याचा अर्थ घातलेला नाहीस. जुन्या डिस्कवर आहे तो, तिथून उचल. नाहीतर नाना मराठीत लिहितील आणि पडद्यावर दुसरंच काहीतरी दिसेल.

हे पत्र त्यांना वाचून दाखव. विशेषतः मागचा परिच्छेद. ते मान हलवतील, त्याकडे लक्ष दे.

चिमी

खांद्यावर थोपटलं हे वाचून बरं वाटलं. माझ्या खांद्याचा नंबर अजून लागलेला नाही.


१४ मार्च

प्रिय चिमे,

उशीर झाला, ऑफिसात श्वास घ्यायला फुरसत नव्हती. शिवाय काय लिहावं सुचत नव्हतं. हे पत्र तू शांतपणे वाचावंस.

नानांचं डोकं ठीक राहिलेलं नाही. तुझ्याकडे असताना हे सुरू झालं असणार, तू रोज बघतेस म्हणून तुझ्या लक्षात आलं नसेल. दिवस दिवस लॅपटॉपसमोर बसतात आणि वाट्टेल ते मारत राहतात. मध्येच कंस, मध्येच आकडे, इंग्रजी अक्षरं, ज्यातून एक शब्द तयार होत नाही. पडद्याकडे बोट दाखवतात, मग माझ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. मी उजेड वाढवून दिला, अक्षरं मोठी करून दिली, तर जास्तच चिडले. गेल्या आठवड्यात झाकण आपटलं. नवी बिजागरी होती म्हणून टिकलं. एकदा डाव्या हाताने कागदावर काहीतरी रेघोट्या ओढल्या, त्यालाही काही आकार नव्हता.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी लॅपटॉपवरच लिहायला सांगितलं, आज वार कोणता, महिना कोणता, तुमचं नाव काय. नानांनी भरभर पानभर टाइप केलं, अगदी आत्मविश्वासाने. सगळी तीच बडबड. डॉक्टर हळूच म्हणाले, ‘आपण काही चुकीचं लिहितोय हे यांना कळतच नाही, हे लक्षण चांगलं नाही.’ मला तिथे उभं राहवेना गं.

तुझं फॉन्टचं वाचलं. नवीन सिस्टिममध्ये मराठी आहे, मी स्वतः तपासलंय, त्यामुळे तो प्रश्न नाही. जुनी डिस्क वहिनीने फोटो ठेवायला पुसून घेतली. तुझं पत्र नानांना वाचून दाखवलं नाही. त्यांना उगाच त्रास.

वहिनीचे हाल बघवत नाहीत. तिलाही स्वतःचं आयुष्य आहे. गावाबाहेर एक जागा आहे, अशा माणसांसाठीच, स्वच्छ, बागबिग. फक्त चौकशी केली आहे. लगेच उडी मारू नकोस.

तुझा,
दादा


२० मार्च

दादा,

उडी मारत नाही. एकच काम सांगते.

नाना जे टाइप करतात ते छापून मला पाठव. डॉक्टरांसमोरचं पानही. जसं आहे तसं, एक टिंब न बदलता. मी मुद्रितशोधक आहे, निरर्थक मजकूर वाचायचा पगार घेते.

गेले कित्येक आठवडे नानांची मला एक ओळ नाही. मला वाटलं, लेकाकडे रमले आणि लेकीला विसरले. फणकाऱ्याने मीही गप्प बसले. तुझं पत्र वाचल्यापासून तो फणकारा कुठे ठेवू कळत नाहीये.

कागद येईपर्यंत कुठलाही निर्णय घेऊ नकोस.

चिमी


२९ मार्च

प्रिय चिमे,

सोबत तीन पानं. पहिलं अगदी पहिल्या दिवसाचं, दुरुस्ती झाली त्या रविवारचं. दुसरं साधारण महिन्याने टाइप केलेलं. ते मुद्दाम बघ, अख्ख्या पानभर एकच ओळ पुन्हा पुन्हा मारली आहे. डॉक्टरांनी या पानावर फार वेळ बोट ठेवलं होतं. तिसरं त्यांच्यासमोरचं.

बघून तुला वाईट वाटेल, पण एकदा बघच. म्हणजे पुढे मला बोल लावणार नाहीस.

त्या जागेचे लोक म्हणाले, खोली रिकामी आहे तोवर सांगा. अशा जागा थांबत नाहीत. तू सांगितलंस तसा मी थांबायचा प्रयत्न करतोय.

दादा


६ एप्रिल
तुझ्या दिवाणखान्यातून

दादा,

काल तुला फोन केला तर वहिनींनी उचलला, ‘ते मीटिंगमध्ये आहेत’ म्हणाल्या. म्हणून सकाळच्या गाडीने आले. दार वहिनींनीच उघडलं. चहा दिला, चांगला दिला. मग म्हणाल्या, ‘अहो, पण नाना नाहीत इथे. परवाच सोडून आलो. खूप छान जागा आहे, बाग आहे.’ लॅपटॉपही इथेच टेबलावर आहे. त्यांच्याबरोबर दिला नाही, कारण ‘त्यानेच ते चिडतात’. झाकणावर इस्त्रीचे कपडे ठेवले होते.

तू संध्याकाळी येशील. मी थांबणार नाही, नानांना घ्यायला निघालेय. पण ‘लिहून दे’ हा नियम आहे, म्हणून लिहून ठेवते.

आमच्या छापखान्यात कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर आहे. जुन्या गिऱ्हाइकांच्या फायली उघडायला ठेवलाय. त्यात तो फॉन्ट आहे. तू पाठवलेली पानं समोर ठेवली आणि जी अक्षरं, जे कंस, जे आकडे छापलेत ते जसेच्या तसे त्यात मारले. मग फॉन्ट लावला. बस्स, एवढंच. दादा, ती मराठी आहे. शुद्ध, ऱ्हस्व-दीर्घासकट. नाना मराठीच लिहीत होते, पडदा तेवढा इंग्रजी दाखवत होता. डाव्या हाताने, बिनठिपक्याच्या नव्या बटणांवर, समोर काय उमटतंय ते दिसत नसताना, एक चूक नाही. मी आयुष्यात इतकं स्वच्छ मुद्रित तपासलेलं नाही.

पहिलं पान. ते खाली उतरवते. उभ्याने वाचू नकोस.

‘मशीन हलकं झालं. आवाज नाही. पोराने दिवसभर खपून केलं, पाठ मोडली असेल. अक्षरं भलतीच दिसतायत, पण बोटांना ठाऊक आहे मी काय लिहितोय. आज सांगू नये. एवढ्या हौसेने केलंय, तोंड उतरेल त्याचं. उद्या सांगू.’

हे टाइप करून त्यांनी तुला थोपटलं.

दुसरं पान, एकाच ओळीचं. डॉक्टरांनी बोट ठेवलं होतं ते. ती ओळ अशी : ‘जुना फॉन्ट घाल.’ वरपासून खालपर्यंत. ‘जुना फॉन्ट घाल. जुना फॉन्ट घाल.’ तुला समोर पानभर जे वेड दिसलं, ती साधी एका ओळीची विनंती होती. आणि तू तिची प्रत काढून डॉक्टरांना पुरावा म्हणून दिलीस.

तिसरं. ‘डॉक्टरांस नमस्कार. आज बुधवार. मार्च महिना चालू आहे.’ मग स्वतःचं नाव, वडिलांच्या नावासकट. तुझं नाव. वहिनींचं, माहेरच्या नावासकट, जे मलाही आठवत नव्हतं. मग : ‘मी चाळीस वर्षं टंकलेखन केलं. बिघाड यंत्रात आहे, टंकलेखकात नाही. माझ्या मुलीला बोलवा. तिला वाचता येईल.’

डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांनी पडद्यावर दिसलं त्यावरून ठरवलं. तू तो पडदा बसवला होतास. तुला मी दोनदा लिहून दिलं होतं, आणि तू माझं पत्र त्यांना वाचूनही दाखवलं नाहीस. ते मोठ्याने वाचलं असतंस ना, तर नानांनी नुसती मान हलवून सगळा उलगडा केला असता.

लॅपटॉप घेऊन जातेय. इस्त्रीचे कपडे घडी करून सोफ्यावर ठेवलेत.

चिमी


१५ एप्रिल

चिमे,

तू गेल्यापासून घरात कुणी कुणाशी बोलत नाही. वहिनी दोन दिवस रडली. तिचं म्हणणं, तू तिच्या चहाचं कौतुक केलंस तेही टोचून केलंस.

मला एवढंच म्हणायचंय की माझा हेतू वाईट नव्हता. हे तुलाही माहीत आहे. मी नवी डिस्क घातली, रॅम वाढवली, दिवसभर राबलो, ते काय नानांचं वाईट व्हावं म्हणून? तू फॉन्टचं नाव लिहिलं असतंस तर मी शोधून टाकला असता. नुसतं ‘जुना फॉन्ट’ म्हणालीस. माझ्यासारख्या माणसाला नेमकी माहिती लागते. डॉक्टरांनाही कळलं नाही, ते तर शिकलेले आहेत. आणि त्या जागेत नानांना काही त्रास नव्हता, जेवण वेळेवर होतं, तिथल्या बाई म्हणाल्या, ‘फार शहाणे आजोबा, काही मागतच नाहीत.’

हे लिहून वाचलं तर मलाच कसंतरी वाटलं. पण खोडत नाही.

नाना काय म्हणतात? म्हणजे आता लिहितात का? माझ्याबद्दल काही?

लॅपटॉपची नवी बॅटरी पहिले काही आठवडे पूर्ण संपेपर्यंत वापरू नये, एवढं लक्षात ठेव.

दादा


११ मे

दादा,

नाना माझ्याकडे आहेत. पुढच्या सहामाहीचा विचार करू नकोस, तुझं घर आहे तस्सं छान दिसतंय, पुन्हा रंग काढायची गरज नाही.

मशीनबद्दल विचारशील, म्हणून आधी तेच. उत्तम चालतंय. गिरणी बंद झाली, डब्याचा टेकू गेला. काम तू चोख केलंस, हे मी कुणालाही सांगेन. छापखान्यातून फॉन्ट आणून घातला. ठिपक्याची जागा नाना बोटाने शोधत राहिले, म्हणून पुन्हा मेण लावलं.

पहिले काही दिवस त्यांनी मशीनला हात लावला नाही. झाकण उघडं ठेवून, मांडीवर हात ठेवून बसायचे. मी म्हटलं, ‘नाना, आता मराठी दिसेल. चहा पाणचट आहे म्हणा. काहीही म्हणा.’ त्यांनी कप उचलला आणि पाणचट चहा मुकाट्याने संपवला.

आता लिहितात. पण आधी रोज एकच ओळ टाइप करतात : ‘दिसतंय का?’ मग हात वर उचलून थांबतात, माझ्याकडे बघतात. मी मोठ्याने ‘दिसतंय’ म्हणेपर्यंत पुढचं अक्षर मारत नाहीत. मी स्वयंपाकघरात असले तर तसेच थांबतात. एकदा मला बाहेर उशीर झाला. आले तेव्हा तीच ओळ पडद्यावर होती आणि हात हवेत होता.

शेजारीण जाड झाली की बारीक, यावर आता काही म्हणत नाहीत. माझ्या वर्तमानपत्रात परवा मथळ्यात चूक गेली. पेपर त्यांच्यासमोर तासभर होता. ‘ठीक’ एवढंच टाइप केलं. दादा, नानांनी जन्मात कुठल्या गोष्टीला ‘ठीक’ म्हटलं होतं?

तू विचारलंयस, तुझ्याबद्दल काही? हो. तुला पत्र लिहिलंय त्यांनी, अर्धं पान. सोबत आहे. फॉन्ट काढून छापलंय, म्हणजे तुझ्या मशीनवर जसं दिसलं असतं तसं. हा माझा दुष्टपणा आहे, नानांचा नव्हे, त्यांना ठाऊक नाही. फॉन्ट वेगळ्या पाकिटात पाठवतेय, आणि या वेळी त्याचं नाव त्यावर ठळक लिहिलंय, तुला नेमकी माहिती लागते ना. तो घाल आणि कागदावरची अक्षरं एकेक करून मार. मीही तीन पानं तशीच वाचली होती. लहानपणी टायपिंग शिकायचं राहिलं होतं तुझं.

चिमी


२ जून

प्रिय चिमे,

फॉन्ट घातला. अडचण आली नाही, खरं तर क्षणाचं काम होतं.

रविवारी बसलो होतो. कागद बाजूला उभा केला आणि एकेक अक्षर शोधून मारलं. कंस कुठे, आकडा कुठे, एका बोटाने. इतका वेळ लागतो याची मला कल्पना नव्हती. नाना हे भरभर कसे मारायचे कोण जाणे. पहिली ओळ पुरी झाली आणि फॉन्ट लावला, तर ‘दिसतंय का?’ असं आलं. तू ते पत्रात आधीच लिहिलं होतंस, तरी मी खुर्चीवरून उठलो, बाहेर गच्चीत जाऊन उभा राहिलो. वहिनीने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही.

बाकीचं अर्धं पान अजून इंग्रजीतच आहे. सध्या ऑफिसात नवीन काम आलंय, मान वर करायला वेळ नाही. तुला ते वाचता येतं. तूच वाचून दोन ओळींत काय ते कळवलंस तर बरं होईल. म्हणजे महत्त्वाचं असेल तेवढं.

तुझा,
दादा


९ जून

दादा,

तुझं पत्र आलं. नियमाप्रमाणे नानांना मोठ्याने वाचून दाखवलं, सबंध, एक शब्द न गाळता. मी फॉन्ट काढून छापलं होतं हे त्यांना तेव्हाच कळलं. माझ्याकडे असं बघितलं, जसं पहिल्या पानावरच्या चुकीकडे बघायचे. मला जरा बरं वाटलं.

मग त्यांनी मशीन ओढून घेतलं. ‘दिसतंय का?’ मी म्हटलं, दिसतंय.

खाली टाइप केलंय ते जसंच्या तसं देते. यावर माझं मत विचारू नकोस.

‘कामात असेल. उगाच त्रास देऊ नये. नंतर सांगू.’

चिमी